मॅग्नेशियम: पोते घेण्याआधी काय तपासायचे आणि मग किती, कसे द्यायचे (सांगली-सातारा पट्ट्यासाठी)

पान पिवळे दिसले की कृषी सेवा केंद्रात जायचे, दुकानदार मॅग्नेशियम सल्फेटचे पोते काढून देतो, आपण ते ड्रिपमधून सोडतो. आठ दिवसांनी पान तसेच असते, मग दुसरे काहीतरी आणतो. नव्याने द्राक्ष, हळद, आले किंवा ऊस करणाऱ्यांचा बराच खर्च असा वाया जातो. मॅग्नेशियम स्वस्त आहे, म्हणून नुकसान जाणवत नाही. पण चुकीच्या निदानात गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

आपल्या दोन जिल्ह्यांत एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जत-आटपाडीत तो कसाबसा पाचशेच्या आसपास जातो. पश्चिमेच्या लाल, आम्ल जमिनीतून मॅग्नेशियम खरोखरच धुऊन गेलेले असते. कृष्णाकाठच्या काळ्या आणि पूर्वेकडच्या चुनखडीच्या जमिनीत ते बहुतेक वेळा भरपूर असते, पण पिकाला मिळत नाही. पहिल्या ठिकाणी जमिनीत भर घालावी लागते. दुसऱ्या ठिकाणी अडथळा शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत पानावरून फवारून वेळ मारून न्यावी लागते.

झाडात हे करते काय

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. ते कमी पडले की हिरवेपणा जातो, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण झाडातल्या एकूण मॅग्नेशियमचा लहानसाच भाग हरितद्रव्यात असतो. बाकीचे दुसऱ्या कामांत गुंतलेले असते. त्यातले शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे काम म्हणजे पानात तयार झालेली साखर बाहेर काढून मुळीकडे, कांडीकडे, घडाकडे, गड्ड्याकडे पोहोचवणे. मॅग्नेशियम तुटले की साखर पानातच साचते, मुळी उपाशी राहते, पांढरी मुळी कमी फुटते, आणि मुळी कमी झाली की मॅग्नेशियम आणखी कमी उचलले जाते. पान पिवळे दिसण्याच्या आधीच हे चक्र सुरू झालेले असते. उसाचे पेर आखूड पडणे, हळदीचा गड्डा न भरणे, द्राक्षाला गोडी उशिरा येणे यामागे कधी कधी हेच असते. अर्थात या तिन्हींची इतर कारणेही आहेत.

पायरी पहिली: कोणते पान पिवळे पडलेय ते पाहा

मॅग्नेशियम झाडात फिरते. कमी पडले की झाड जुन्या पानातून ते काढून शेंड्याकडच्या नव्या पानाला देते. म्हणून लक्षण नेहमी खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. शेंडा पिवळा आणि खाली हिरवे असेल तर मॅग्नेशियमचा विषय तिथेच सोडा; चुनखडीच्या जमिनीत ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे काम असते.

पान हातात घेऊन उजेडाकडे धरा. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग पिवळा दिसेल. द्राक्षाच्या पानात मुख्य शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा राहतो आणि मधे पाचरीसारखा पिवळा भाग कडेपासून देठाकडे शिरत जातो. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात पिवळ्याऐवजी लालसर छटा येते. टोमॅटो-वांग्यात फळे लागल्यावर खालची पाने अशीच जाळीदार पिवळी होतात. उसात जुन्या पानांवर आधी फिकट आणि मग तांबूस ठिपके येतात.

एक खूण मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या पानावर दुसऱ्या पानाची सावली पडलेली असते, तिथला भाग हिरवा राहतो आणि ऊन लागणारा भाग पिवळा होतो. वरचे पान बाजूला केले की खालच्या पानावर त्याच्या आकाराचा हिरवा ठसा दिसतो. कारण साखर साचलेल्या पानाला कडक ऊन सोसत नाही. प्रकाश जास्त, वापर कमी, मग हरितद्रव्य जळते. असा ठसा दिसला तर मॅग्नेशियमचा संशय पक्का धरायला हरकत नाही.

आता गोंधळ कुठे होतो ते. पोटॅशची कमतरताही जुन्या पानांवर येते, पण ती कडेपासून करपत आत येते, शिरांमधली जाळी दिसत नाही. नत्र कमी असेल तर शिरांसकट सगळे पान एकसारखे फिके पडते. पाण्यातल्या क्षाराने पानाची कड तपकिरी होते आणि करपलेला भाग व हिरवा भाग यांच्यात रेघ ओढल्यासारखी सीमा असते. उसातल्या तांबूस ठिपक्यांवर बोट घासा: बोटाला तांबडी-तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा रोग आहे, त्याला बुरशीनाशक लागेल. भुकटी लागली नाही तर पुढे तपासा. लाल कोळीचा प्रादुर्भाव असला तर भिंगातून पानाच्या मागे कोळी आणि जाळी दिसते. आणि द्राक्षाच्या मांडवात आत, दाट सावलीत असलेली चार-दोन तळची पाने पिवळी होऊन गळतातच. त्यासाठी काही करू नका. विरळणी कमी झालीय एवढेच ते सांगतात.

लक्षण कधी दिसते हेही पाहा. द्राक्षात मण्यात पाणी उतरायच्या (मणी मऊ होऊन गोडी भरू लागण्याच्या) सुमारास, टोमॅटोत पहिल्या-दुसऱ्या तोड्याला, हळद-आल्यात गड्डा भरताना. म्हणजे झाडावर भार येतो तेव्हा. लागणीनंतर महिन्याभरातच सगळे पीक पिवळे असेल तर बहुधा पाणी साचलेले असते, मुळी कुजलेली असते किंवा नत्र कमी पडलेले असते.

पायरी दुसरी: माती आणि पाणी, दोन्हीचा अहवाल

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजेच पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. त्यात मॅग्नेशियम नाही. 'माती परीक्षण केलेय' म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हे ठाऊकच नसते. प्रयोगशाळेत नमुना देताना 'विनिमयक्षम कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि मुक्त चुनखडी' हे वेगळे सांगून घ्या. सांगली जिल्ह्यात कांचनपूरचे आणि सातारा जिल्ह्यात बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे किंवा जवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कोणत्या तपासण्या होतात ते आधी विचारा.

नमुना ऊस, हळद, आल्यासाठी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वीस-बावीस सेंटिमीटरपर्यंतचा. एकरातून आठ-दहा ठिकाणचा घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची जागा टाळा. द्राक्ष आणि डाळिंबात नमुना ड्रिपरखालचा घ्यायचा, कारण मुळी तिथे आहे आणि खत तिथे पडतेय. दोन ओळींच्या मधली माती तपासून बागेचा निर्णय घेणे ही नेहमीची चूक. दोन ड्रिपरखालचे अहवाल आणि एक मधल्या पट्ट्याचा अहवाल शेजारी ठेवून पाहा, पोटॅश किती साचलेय ते डोळ्यांनी दिसेल.

अहवाल वाचण्यासाठी थोडे गणित लागते, पण ते एकदाच शिकायचे. मॅग्नेशियम कधी पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) देतात, कधी १०० ग्रॅम मातीला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (बोलीत 'मिली'). पीपीएमला १२१.५ ने भागले की मिली येतात. पालाश मात्र किलो प्रति हेक्टरमध्ये असतो. त्याला ८७६ ने भागले की तोही मिलीत येतो. आता दोन्हीची तुलना करता येते.

समजा मॅग्नेशियम ३ मिली आणि पालाश हेक्टरी ७०० किलो. पालाश झाला ०.८ मिली. मॅग्नेशियम त्याच्या जवळजवळ पावणेचार पट आहे, काळजी नाही. त्याच बागेत ड्रिपरखाली पालाश १,७५० किलो निघाला तर तो २ मिली झाला, आणि मॅग्नेशियम फक्त दीडपट उरले. दुपटीच्या खाली गेले की अडचणीची शक्यता वाढते. इथे मॅग्नेशियम कमी नाही, पोटॅश जास्त आहे. पोते मॅग्नेशियमचे आणण्याआधी ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) चा एक हप्ता कमी करणे हा इथला स्वस्त उपाय.

मॅग्नेशियमच १ मिलीच्या खाली असेल तर ती खरी कमतरता. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगराळ भागात, शिराळ्याच्या पश्चिमेला आणि नदीकाठच्या हलक्या वाळूमिश्रित जमिनीत असे निघू शकते. चुनखडीच्या जमिनीत एक सावधगिरी: तपासणीच्या नेहमीच्या द्रावणात थोडी चुनखडीही विरघळते, त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे आहेत त्यापेक्षा फुगून येतात. म्हणून तिथे माती परीक्षणापेक्षा देठ किंवा पान परीक्षणावर जास्त भर द्या. द्राक्षात खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. इतर बहुतेक पिकांत पूर्ण वाढलेल्या पानात, वाळवलेल्या वजनाच्या ०.२ टक्क्याच्या खाली मॅग्नेशियम असेल तर कमतरता समजायला हरकत नाही.

मग पाणी. हा भाग जवळजवळ सगळे सोडून देतात. पाण्याच्या अहवालात मॅग्नेशियम लिटरला किती मिलीइक्विव्हॅलंट ते असते, त्याला १२.१५ ने गुणले की लिटरला किती मिलिग्रॅम ते कळते. कवठेमहांकाळ, जत, तासगावच्या पूर्वभागातल्या जड पाण्याच्या बोअरला ३ मिली ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणजे लिटरला साधारण ३६ मिलिग्रॅम. एकराला दिवसाला वीस हजार लिटर पाणी दिले तर त्यातून सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम जमिनीत गेले, म्हणजे साडेसात किलो मॅग्नेशियम सल्फेटएवढे, आणि तेही रोज. अशा बागेत महिन्यातून एकदा पाच किलोची पिशवी सोडून काय साधणार? तिथे पान पिवळे असेल तर कारण दुसरीकडे आहे. कृष्णेचे किंवा टेंभू-म्हैसाळ योजनेचे पाणी तुलनेने हलके असते. तिथे वेगळे गणित मांडा. बोअरवरून कालव्याच्या पाण्यावर आलेल्या बागांत जुना अहवाल लावू नका.

पायरी तिसरी: अडथळा शोधा

पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम आणि मॅग्नेशियम हे चौघे मुळीत शिरताना एसटीच्या दारात रेटारेटी करणाऱ्या प्रवाशांसारखे असतात, आणि मॅग्नेशियम त्यात बहुतेक वेळा मागे राहते. त्याच्याभोवती पाण्याचे मोठे कवच असते, त्यामुळे त्याची पकड ढिली.

म्हणून ही यादी तपासा. पोटॅश एकदम मोठ्या मात्रेत गेलेय का? उसाला भरणीच्या वेळी म्युरेट ऑफ पोटॅशची पोती एकाच वेळी टाकली की महिन्याभरात जुनी पाने रंग बदलू शकतात. अमोनियम सल्फेट किंवा युरिया थंडीत जास्त दिलाय का? डिसेंबर-जानेवारीत माती गार असते, अमोनियमचे नायट्रेट व्हायला वेळ लागतो आणि अमोनियम तितके दिवस मॅग्नेशियमला अडवत राहते. चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीला जिप्सम दिलेय का? जिप्सम सोडियम काढण्यासाठी योग्यच आहे, पण त्याच्याबरोबर थोडे मॅग्नेशियमही निचऱ्यातून जाते. वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड सुधारणा केलेल्या रानात दुसऱ्या वर्षी मॅग्नेशियम पुन्हा तपासा.

आणि मुळी पाहा. मॅग्नेशियम मुख्यतः पाण्याच्या ओढीबरोबर मुळीपर्यंत येते. पाणी साचले, ऑक्टोबरचा परतीचा पाऊस लांबला, सूत्रकृमीने टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या मुळीवर गाठी केल्या, आल्याला कंदकूज लागली, की झाड पाणी उचलत नाही आणि मॅग्नेशियमही नाही. कुदळीने एक झाड बाजूने उकरून बघा. पांढरी मुळी नसेल तर ती फुटेपर्यंत कोणत्याही खताचा उपयोग होणार नाही.

पायरी चौथी: थोड्यावर करून पाहा

एक ओळ घ्या. १५ लिटरच्या पंपात १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (एक टक्का) घालून फवारा. कोवळी, नाजूक पाने असतील किंवा स्ट्रॉबेरी असेल तर ७५ ग्रॅम. शेजारची ओळ तशीच ठेवा, दोन्हींना सुतळी बांधून खूण करा. दहा-बारा दिवसांनी तुलना करा. पिवळेपणा नवीन असेल तर हिरवेपणा काही प्रमाणात परत येतो. करपलेला भाग परत येत नाही. तिथे पाहायचे ते एवढेच की पिवळेपणा वरच्या पानांकडे सरकायचा थांबला का. शेजारच्या ओळीत आणि यात काहीच फरक नसेल तर मॅग्नेशियम सोडून द्या. ही चाचणी करायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत, तरी फार थोडे जण करतात.

कोणते खत घ्यायचे

मॅग्नेशियम सल्फेट हे आपल्याकडचे नेहमीचे. स्फटिकरूप, पाण्यात पूर्ण विरघळणारे, त्यात सुमारे ९.६ टक्के मॅग्नेशियम आणि १२ टक्के गंधक असते. काही पिशव्यांवर '१६ टक्के' असे ठळक छापलेले असते. तो आकडा मॅग्नेशियम ऑक्साइडचा, १.६६ ने भागला की तोच ९.६ येतो. १६ टक्केवाली पिशवी जास्त ताकदीची म्हणून महाग घेऊ नका.

मॅग्नेशियम नायट्रेटमध्ये साधारण तेवढेच मॅग्नेशियम आणि वर अकरा टक्क्यांच्या आसपास नायट्रेट नत्र असते. फवारणीत पान ते लवकर घेते आणि कॅल्शियम नायट्रेटबरोबर ते एका टाकीत चालते. पण द्राक्षात शेंडा पळत असताना किंवा घड पक्व होताना नत्र नको असते, तेव्हा सल्फेटच बरे.

चिलेटेड (जमिनीत अडकू नये म्हणून सेंद्रिय संयुगात धरून ठेवलेल्या) मॅग्नेशियमबद्दल स्पष्ट मत सांगतो: जमिनीतून द्यायला त्याची गरज नाही. लोह, जस्त चुनखडीत अडकतात म्हणून त्यांना चिलेट लागते. मॅग्नेशियम सल्फेट तसे अडकत नाही. चिलेटमध्ये मॅग्नेशियमची टक्केवारी कमी आणि किंमत कितीतरी जास्त. त्याच कारणाने झिंक-फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवतात तसे मॅग्नेशियम सल्फेट मुरवायची गरज नाही. शेणखतात मिसळायचे ते फक्त सारखे पसरावे म्हणून.

डोलोमाइट ही कॅल्शियम-मॅग्नेशियमची दगडी भुकटी. शुद्ध असेल तर १३ टक्के मॅग्नेशियम. पण ती आम्ल जमिनीतच विरघळते. सामू सातच्या वर असलेल्या रानात टाकलेले डोलोमाइट वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. तासगाव, खानापूरच्या चुनखडीच्या रानात डोलोमाइट टाकणे म्हणजे चुनखडीत चुनखडी टाकणे.

मात्रा, पिकानुसार

पुढच्या मात्रा एकरी आहेत आणि माती किंवा पान परीक्षणात कमतरता निघाली असेल तरच.

ऊस: मॅग्नेशियम सल्फेट २५ किलो. निम्मे लागणीच्या वेळी सरीत शेणखताबरोबर, निम्मे मोठ्या भरणीला. त्यातून मिळते सुमारे २.४ किलो मॅग्नेशियम. आडसाली उसात भरणी चुकली तर ड्रिपमधून पाच-पाच किलोचे हप्ते करा. खोडव्यात पाचट ठेवले असेल तर त्यातून थोडे परत मिळते. पाचट जाळले तर राखेतल्या पोटॅशचा जोर वाढतो आणि राख वाऱ्या-पावसाने कुठे जाईल ते सांगता येत नाही.

हळद आणि आले: २० ते २५ किलो. लागणीत दहा, बाकीचे भरणीनंतर ड्रिपमधून पाच-पाच किलोने पंधरा दिवसांच्या अंतराने. सेलम हळदीची पाने मोठी आणि आडवी, त्यामुळे फवारणीही चांगली बसते. पण पानावर करपा असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. करप्याचे ठिपके आणि त्यांच्या भोवतीची पिवळी वलये पाहून मॅग्नेशियम सोडणारे पुष्कळ भेटतात. कसबे डिग्रजला हळद संशोधनाचे काम चालते, शंका असल्यास पान तिथे दाखवता येते.

द्राक्ष: मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत ड्रिपमधून १० ते १५ किलो, तीन हप्त्यांत. फवारणी ०.५ टक्का, म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला एक किलो, फुलोऱ्यापूर्वी आणि मणी लहान असताना. मण्यात पाणी उतरल्यावर घडावर फवारू नका, डाग राहतात आणि लस्टर (मण्यांवरची चकाकी) जातो. पोटॅश आणि नत्राचा जोर असलेल्या बागेत काढणीच्या आधी घडाचा देठ किंवा पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) काळ्या पडून मणी सुकू लागतात. त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या तुटवड्याचा वाटा असतो, पण काळे पडल्यावर फवारून ते मणी वाचत नाहीत. खरड छाटणीनंतरच्या काडी पक्व होण्याच्या काळात एक हप्ता दिलेला जास्त उपयोगी.

टोमॅटो, वांगी, ढोबळी: १० किलो ड्रिपमधून दोन हप्त्यांत, पहिला फुलोऱ्यात. डाळिंबालाही हेच धोरण, फक्त आटपाडीकडच्या पाण्याचा अहवाल आधी पाहा.

स्ट्रॉबेरी आणि पश्चिमेकडची आम्ल रानं: इथे डोलोमाइटच पहिले. सामू ५.५ च्या आसपास असेल तर साधारण २०० ते ४०० किलो बारीक भुकटी, मे महिन्यात पसरून मातीत मिसळायची. नेमकी मात्रा चुन्याची गरज तपासून ठरवा. पावसाळाभर ती हळूहळू विरघळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागणीला उपलब्ध होते. लागणीच्या आठवड्यात टाकलेले डोलोमाइट त्या हंगामाला फारसे कामी येत नाही. वरून ड्रिपमधून आठवड्याला दोन किलो मॅग्नेशियम सल्फेट, फळे सुरू झाल्यावर.

फवारणीचे द्रावण

बॅरल निम्मे भरा. बादलीत दहा लिटर पाणी घेऊन त्यात मॅग्नेशियम सल्फेट पूर्ण विरघळवा, कापडातून गाळून बॅरलमध्ये ओता, मग बॅरल भरा. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर फवारा. द्रावण लगेच वाळले तर स्फटिक पानावर बसतात आणि पान ते घेत नाही. दोन टक्क्यांच्या वर गेलात की कड करपते. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या लागतात, कारण २०० लिटरच्या एक टक्का फवारणीतून एकराला मॅग्नेशियम जेमतेम १९० ग्रॅम मिळते. फवारणी हा तात्पुरता आधार आहे. बोर्डो किंवा इतर तांबेयुक्त औषधांत मिसळू नका.

ड्रिपमधून देताना काय बिघडते

मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत गेले की जिप्सम तयार होते. आधी पाणी दुधी होते, मग तळाला पांढरा साका बसतो, आणि दोन दिवसांनी ड्रिपर बंद. अॅसिड सोडूनही जिप्सम सहज निघत नाही. चुनखडीचा साका निघतो, हा नाही. म्हणून कॅल्शियम एका दिवशी, मॅग्नेशियम दुसऱ्या दिवशी, आणि मधे टाकी व फिल्टर धुऊन घ्यायचे. १२:६१:० आणि ०:५२:३४ बरोबरही घट्ट द्रावणात ते ठेवू नका, विशेषतः पाण्याचा सामू आठच्या आसपास असेल तर. १३:०:४५ आणि ०:०:५० बरोबर साका धरत नाही, पण पोटॅशच अडथळा असताना दोन्ही एका हप्त्यात देण्यात अर्थ नाही.

खात्री नसेल तर बाटली चाचणी: एक लिटर आपलेच पाणी काचेच्या बाटलीत, टाकीतल्या प्रमाणात दोन्ही खते, हलवून अर्धा तास ठेवा. गढूळ झाले किंवा तळाशी काही बसले की वेगळे द्या. दुकानातल्या बिसलेरीच्या पाण्यात केलेली चाचणी आपल्या बोअरला लागू होत नाही.

सोडताना पाच किलो खत पन्नास लिटरमध्ये विरघळवा. सिंचनाच्या वेळेचे तीन हिस्से करा: पहिला हिस्सा नुसते पाणी, मधल्या हिश्श्यात खत, शेवटचा हिस्सा पुन्हा नुसते पाणी. पहिल्याच पाण्यात खत सोडून नंतर दोन तास मोटर चालू ठेवली तर हलक्या जमिनीत ते मुळीच्या खाली निघून जाते.

जास्त झाले तर

मॅग्नेशियमचा अतिरेक पानावर सहसा दिसत नाही, जमिनीत दिसतो. जड बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षे भिजलेल्या काळ्या रानात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या जवळ पोहोचते, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. तिथे मॅग्नेशियम सल्फेट बंद करून, पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त आहे का ते पाहायचे. तसे असेल तर निचरा आधी करून मग जिप्सम द्यावे लागते. निचरा नसताना दिलेले जिप्सम सुटलेले मॅग्नेशियम तिथेच ठेवते. पिकात मॅग्नेशियमची मात्रा वाढवत गेल्यावर टोमॅटोच्या फळाचा शेंडा काळा पडू लागला तर तोही कॅल्शियम दबल्याचा इशारा समजा आणि पुढचा हप्ता थांबवा.

पोते उघडल्यावर तोंड घट्ट बांधून, लाकडी फळीवर ठेवा. दमट हवेत खडे होतात. खड्यांनी ताकद जात नाही, फक्त आदल्या रात्री भिजत घालावे लागते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मात्र स्फटिकातले पाणी उडून पांढरी भुकटी होते; ती वजनाला जास्त ताकदीची ठरते, म्हणून फवारणीला ग्रॅम थोडे कमी घ्या.